गॅलरीतली खुर्ची

माझ्या डोक्यावर केस नाहीत हे आधीच सांगून टाकतो. कानांच्या वर एक पट्टा आहे, मागे थोडी झालर आहे, बाकी सगळं मोकळं मैदान. लग्नात होते. लग्नाच्या फोटोत मी चांगला भांग पाडून उभा आहे, आणि तो फोटो बघून माझ्या मुलाला हसू आवरत नाही म्हणून आम्ही तो भिंतीवरून काढून कपाटावर ठेवला आहे. तरीही गेली कित्येक वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सासूबाईंपुढे केस कापायला बसत आलो आहे. माझ्यासारख्याचे केस कापायला खरं तर दोन मिनिटं पुरे. सासूबाईंना चांगला पाऊण तास लागतो.

सासूबाई थोरल्या मुलाकडे राहतात. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे तोंड केलेली गॅलरी. गॅलरीत एका कोपऱ्यात कपडे धुवायचं मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात खुंटीवर झाडू आणि मॉप, आणि मध्ये ती खुर्ची. लाकडी आहे, पाठीची एक पट्टी तुटलेली आहे, आणि त्या फटीतून हिवाळ्यात बरोबर पाठीच्या कण्यावर वारा लागतो. थोरला मेहुणा लिफ्ट दुरुस्त करतो, अख्ख्या गावाच्या लिफ्ट वरखाली करतो, पण ती पट्टी त्याने अजून बसवलेली नाही. ‘बसवतो’ म्हणतो. मी आता विचारणं सोडून दिलं आहे.

सासूबाईंचा दिवस घरातल्या सगळ्यांच्या आधी सुरू होतो आणि सगळ्यांच्या मागून संपतो. सकाळी पाणी भरायचं, दूध तापवायचं, मुलाचा डबा, सुनेचा डबा, नातीचा डबा. मग नातीला उठवायचं, जे काम एकदा करून होत नाही. नात नऊ वर्षांची, तिला घरात खार म्हणतात, कारण ती एका जागी सलग बसलेली कोणी पाहिलेली नाही. तिची वेणी घालताना सासूबाई तिच्यामागे फिरत फिरत स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आणि तिथून दारापर्यंत जातात, आणि वेणीची शेवटची गाठ जिन्यात बसते. सगळे गेले की त्या रेडिओ लावतात आणि त्याच्याशी भांडतात. बातम्या देणाऱ्याचं त्यांना काही पटत नाही. दुपारी खार शाळेतून येते, संध्याकाळी मुलगा आणि सून येतात, आणि दिवसभराच्या शांततेनंतर घरात एकदम इतके आवाज होतात की सासूबाई रेडिओ बंद करून टाकतात. त्याची गरजच उरत नाही.

नोकरीत असताना त्या इस्पितळात मदतनीस होत्या, हाडांच्या वॉर्डात. पायाला वजनं बांधून माणसं तिथे महिनोन्‌महिने आडवी असायची. केस वाढून मानेवर यायचे, खाज सुटायची, आणि न्हावी म्हणून जो यायचा तो कधी यायचा, कधी नाही. एका परिचारिकेने सासूबाईंच्या हातात कात्री दिली आणि म्हणाली, कापून टाका तुम्हीच. त्यांनी कापून टाकले. शिकवलं कोणी नाही. चुकलं तरी पेशंट उठून पळू शकत नव्हता, म्हणून हात बसला, असं त्या सांगतात.

पण तिथे त्यांना दुसरीच एक गोष्ट कळली. आठवडा आठवडा तोंड मिटून पडलेला माणूस, मागून कोणी डोक्याला हात लावला की बोलायला लागतो. समोर भिंत असावी, बोलणाऱ्याचं तोंड कोणाला दिसू नये, आणि मागच्याच्या हातात काहीतरी काम असावं. बस. डॉक्टरांनी विचारून जे सांगितलं नाही ते लोक कात्रीच्या आवाजात सांगायचे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि अर्थात त्या वेळी मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो.

निवृत्त होताना त्यांना निरोप म्हणून एक घड्याळ मिळालं, ते केव्हाच बंद पडलं. कात्री त्यांनी मागून घेतली.

तोवर घरातल्या डोक्यांवर त्यांची सत्ता पक्की झालेली होतीच. सासरे गेले त्याच्या आदल्याच रविवारी सासूबाईंनी त्यांचे केस कापले होते. तिन्ही मुलांनी, म्हणजे थोरला, माझी बायको आणि धाकटा, मोठेपणापर्यंत सलूनची पायरी चढली नव्हती. त्या घरातल्या कुठल्याही जुन्या फोटोत मुलांच्या कपाळावरचे केस एका बाजूने वर चढत गेलेले दिसतात, जिन्यासारखे. माझी बायको अजून ते फोटो बघून चिडते. चिडते, आणि तरी दर महिन्याला जाऊन बसते.

खुर्चीचे नियम कोणी कधी बोलून दाखवले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. खुर्चीचं तोंड रस्त्याकडे. अंगावर पांढरी चादर. कोणी खुर्चीत असलं की गॅलरीचं काचेचं दार लोटलेलं, आणि बाकीच्यांनी आत बसायचं. सासूबाई स्वतःहून काही विचारत नाहीत. ‘मान खाली’ आणि ‘मान वर’ एवढंच त्यांचं बोलणं. बाकी सगळं आपण बोलतो. आम्हाला मूल होणार हे माझ्या बायकोने पहिल्यांदा त्या खुर्चीत सांगितलं, मला नंतर, आणि मी दोन दिवस फुगून बसलो होतो. धाकटा एका बेकरीत रात्रपाळीला भट्टीवर असतो, रविवारी डोळे चोळत येतो. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं ते त्याने तिथेच सांगितलं. आमच्या लांब्याने, म्हणजे मुलाने, त्याला आम्ही घालत होतो त्या कॉलेजात जायचं नाही हे आम्हाला सांगण्याआधी तिथे सांगितलं. आजीकडून यातलं एक अक्षर बाहेर आलं नाही. फक्त उठताना मानेवरचे केस ब्रशने झटकत त्या म्हणायच्या, ‘आता घरी बोल.’ आणि माणूस घरी बोलायचा.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर माणसांना समोरून बघतो, नाक ते नाक. लोक माझ्याशी तक्त्यावरची अक्षरं सोडून दुसरं काही बोलत नाहीत.

या खुर्चीत कधीच न बसलेलं एकच माणूस घरात होतं, थोरल्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हा तिचे केस कमरेपर्यंत होते. सासूबाईंनी पहिल्या महिन्यात विचारलं, बसतेस का. तिने फार सभ्यपणे सांगितलं की तिचं पार्लर ठरलेलं आहे. सासूबाईंनी परत कधी विचारलं नाही, तिने परत कधी विषय काढला नाही. भांडण म्हणाल तर नावालाही नाही. दोघी एकमेकींशी इतक्या जपून वागतात की बघणाऱ्यालाच दमायला होतं. ती औषधांच्या दुकानात आहे, व्यवस्थित आहे, आणि पहिल्या रविवारी आम्ही सगळे जमलो की ती जेवणाचं बघते आणि गॅलरीकडे फिरकत नाही. दुसरी एक बाई मात्र त्या दिवशी गॅलरीवर लक्ष ठेवून असते. खालच्या मजल्यावरची. शेवटी चादर कठड्यावरून झटकली जाते आणि आमच्या घराण्याचे केस तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात. पूर्वी ती ओरडायची. आता पहिल्या रविवारी मुकाट्याने कपडे आत घेते.

यंदा सासूबाईंचा हात थरथरायला लागला.

आधी बशीत कप वाजायचा. मग त्यांनी बशी घेणंच सोडलं, पेला दोन्ही हातांनी धरायला लागल्या. सुईत दोरा ओवायला खारीला हाक मारायला लागल्या. आम्ही महिन्यातून एकदा येणारे, आम्हाला काही दिसलं नाही. सुनेला दिसलं. ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, घाबरण्यासारखं नाही, पण जाणारही नाही. कामाला हात उचलला की थरथरेल, टेकवला की कमी होईल. गोळ्या दिल्या. सासूबाईंनी गोळ्या घेतल्या आणि कात्रीला तेलही घातलं.

आणि मागच्या महिन्यात खारीच्या कानाला कात्री लागली. फार नाही, पाळीवर एक टिपका. पण गंमत अशी की जी पोर मुंगी चावली तर तीन मजले ऐकवते, ती खुर्चीत एक शब्द बोलली नाही. चादरीचं टोक कानाला दाबून बसून राहिली. संध्याकाळी चादर धुवायला टाकताना सुनेने डाग पाहिला. मग तिने स्वयंपाकघरात, आवाज न चढवता, नवऱ्याला आणि नणंदेला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की आता कात्री बंद झाली पाहिजे. उद्या डोळ्याला लागली तर काय करायचं. मी दारात उभा होतो. तिचं चुकत होतं असं म्हणायची सोय नव्हती. चुकत नव्हतंच.

प्रश्न एवढाच होता की हे आईला सांगायचं कोणी. थोरला म्हणाला, बघतो. आणि त्याच्या ‘बघतो’ची किंमत मला खुर्चीच्या पट्टीवरून माहीत होती.

महिनाभर कोणी काही बोललं नाही. मग या महिन्यातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी माझी बायको म्हणाली, ती जरा पार्लरमध्ये जाऊन येते, आणि जाताना लांब्यालाही सलूनमध्ये सोडते. केस आधीच कापलेले असले तर आईला कापावेच लागणार नाहीत, आणि तिला नाही म्हणायचा प्रसंगही येणार नाही. तिला हे फार शहाणपणाचं वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं. एकदोघं केस कापून आले तर आईला काय कळणार आहे, बाकीचे असतीलच की.

रविवारी जिन्यात धाकटा भेटला. मानेवर पावडर, कानांमागे पांढरी स्वच्छ रेघ. माझ्या बायकोने त्याच्याकडे बघितलं, त्याने तिच्याकडे आणि लांब्याकडे. दोघांचेही चेहरे एकदम पडले. वर दार थोरल्याने उघडलं, आणि त्याचंही डोकं नुकतंच कापून आणलेलं. आतून खार उड्या मारत आली, तिचे केस खांद्यापर्यंत बेतलेले, पार्लरच्या वासाचे. असं सगळं घराणं एकमेकांना न विचारता एकाच दिवशी न्हाव्याकडे जाऊन आलं होतं. तोंडाने एक शब्द बोलायचा धीर कोणाला नव्हता, पण डोकी चालवायची म्हटल्यावर तिघा भावंडांची एकाच दिशेने चालली. तसं का होऊ नये, एकाच आईची आहेत.

सून मागे उभी होती. ‘मी फक्त हिचे कापून आणले होते,’ ती हळूच म्हणाली.

गॅलरीचं दार उघडं होतं. खुर्ची पुसून ठेवली होती. पाठीवर इस्त्री केलेली चादर, शेजारी स्टुलावर कात्री, कंगवा आणि मानेवरचा ब्रश, सगळं ओळीने. सासूबाई उभ्या होत्या, बाह्या दुमडून. मी त्यांना बऱ्याच महिन्यांत इतक्या उत्साहात पाहिलं नव्हतं.

‘या,’ त्या म्हणाल्या. ‘थोरल्या, ये आधी.’

थोरला गेला. जाणं भागच होतं. बसला, आणि त्यांनी नेहमीसारखा त्याच्या मानेवर हात ठेवला आणि वर नेला. हात मध्येच थांबला. त्यांनी त्याच्या डोक्याकडे बघितलं, मग काचेच्या दारात गर्दी करून उभ्या असलेल्या आमच्याकडे, एकेकाकडे. धाकट्याकडे. लेकीकडे. लांब्या उंच आहे, त्याच्याकडे मान वर करून. शेवटी खारीकडे. त्यांना सगळं कळलं हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. ते जरा खाली आले.

‘चांगले कापलेत,’ त्या म्हणाल्या. ‘सगळेच छान दिसताय.’

मग त्यांनी चादर घडी करायला घेतली. मोठी चादर, त्यात हात थरथरणारे. टोकाला टोक जुळेना. आम्ही पाच-सहा धडधाकट माणसं तिथे उभी होतो आणि एकालाही पुढे होऊन दुसरं टोक धरवेना. कशीबशी घडी झाली. ‘बरं झालं, माझाही वेळ वाचला,’ असं म्हणून त्या आत चहा टाकायला गेल्या.

त्या सकाळइतकी वाईट सकाळ मी त्या घरात काढलेली नाही. कोणी रागावलं नव्हतं, तेच वाईट होतं. सगळे बाहेरच्या खोलीत रांगेने बसले, आणि मोबाईल काढले. थोरला काहीतरी सांगायला आल्यासारखा दोनदा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन आला आणि परत बसला. एरवी या वेळेला एकेक जण गॅलरीतून हलका होऊन बाहेर यायचा, घरात हसणं खिदळणं असायचं. आज सासूबाई सगळ्यांना चहा देत होत्या, साखर पुरेशी आहे का विचारत होत्या, आणि पाहुण्यांशी वागावं तसं आमच्याशी नीट वागत होत्या. मला सगळ्यांचा भयंकर राग आला, त्यात माझाही होता. मी उठून गॅलरीत गेलो.

तिथे खार मशीनवर चढून बसली होती. ‘तुम्ही मॉप बघितला का?’ तिने विचारलं.

मी बघितला. खुंटीवर उलटा टांगलेला होता, दोऱ्यांचा जुना मॉप. त्याचे दोरे कापलेले होते. कुठे वरवर, कुठे मुळाशी, मागून थर दिलेले. एका बाजूला कापणं वेडंवाकडं होतं, पण दुसऱ्या बाजूला दोरे असे एका रेषेत होते की पट्टी लावून बघावं.

खारीने खालच्या आवाजात सांगितलं की आजी रोज दुपारी मॉपचे केस कापते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून कापलं की हात कमी हलतो हे तिने शोधून काढलं. आधी फार वाकडे व्हायचे, आता होत नाहीत. ‘आजी म्हणाली, आईला सांगू नको. या रविवारी एकदाच सगळ्यांचे नीट कापून देते, शेवटचे, आणि मग कात्री आपणहून ठेवून देते. कोणी सांगायच्या आधी.’ एवढं सांगून खार मशीनवरून उतरली आणि निघून गेली. मी मात्र हलू शकलो नाही. मी म्हातारा होत चाललेला माणूस, लोकांसमोर सहसा रडत नाही. पण मॉपपुढे उभा राहून मी डोळे पुसले, आणि हे कोणाला सांगायचं म्हटलं तरी कसं सांगणार.

मी आत जाऊन सुनेला बोलावलं. दुसऱ्या कोणाला का नाही, ते मलाही सांगता येणार नाही. कदाचित एवढ्यासाठी की सगळ्यांत तीच काय ती स्पष्ट बोलली होती. तिने मॉप पाहिला. महिनाभर ती त्याच्यावर वैतागली होती, दिवसेंदिवस आखूड होतोय, दुकानदाराने फसवलं म्हणून. मी खारीचं बोलणं सांगितलं. तिने नीट कापलेल्या बाजूचे दोरे बोटांत धरले आणि बराच वेळ धरून ठेवले.

‘मी कात्री नको म्हटलं होतं,’ ती म्हणाली. ‘खुर्ची नको असं कुठे म्हटलं होतं?’

ते ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं की या सगळ्या घरात ही गोष्ट ज्याला सगळ्यांत आधी कळायला हवी होती तो गाढव मीच. माझ्या डोक्यावर कापण्यासारखं काय होतं? तरी महिन्यामागून महिने मी पाऊण पाऊण तास तिथे बसत होतो ना?

मी चादर उलगडली, खुर्चीत बसलो आणि मोठ्याने हाक मारली, ‘आई, माझे राहिलेत.’

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. ‘तुमचे काय कापायचे,’ त्या म्हणाल्या. आवाजात अजून ती पाहुण्यांशी बोलायची साखर होती.

‘इतकी वर्षं काय कापत होतात ते कापा.’

सुनेने स्टुलावरची कात्री उचलली, आणि त्यांच्या हातात कंगवा दिला. मग ती आत गेली आणि काचेचं दार लोटून घेतलं. सासूबाईंनी माझ्या गळ्याभोवती चादर बांधली. गाठ मारायला वेळ लागला, मी मान खाली घालून रस्त्याकडे बघत राहिलो. समोर एक माणूस सायकलला हवा भरत होता. मग माझ्या टाळूवर त्यांचा हात आला. काही वेळ तो थरथरत राहिला, मला चांगलं जाणवत होतं. मग टेकला, आणि थांबला.

‘मान खाली,’ त्या म्हणाल्या. मान खालीच होती.

मी त्यांना सांगितलं की आमचं दुकान बंद होतंय. मालक थकले, त्यांच्या मुलाला दुकान नको आहे, आणि माझ्या वयाच्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार मला माहीत नाही. मी हे कोणाशी बोललो नव्हतो. रोज सकाळी डबा घेऊन निघत होतो आणि बायकोच्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो. बोलायला लागल्यावर मात्र सगळं एकदम बाहेर आलं, मला भीती वाटते हेसुद्धा. त्या माझ्या कानांवरचा पट्टा विंचरत राहिल्या, एकाच बाजूने, पुन्हा पुन्हा.

‘तिला नाही सांगितलंत?’

‘नाही.’

‘आज घरी जाताना सांगा. चालता चालता. तोंडाकडे बघू नका तिच्या, पुढे बघून सांगा.’ मग ब्रश घेऊन त्यांनी माझी मान झटकली. एक केस पडलेला नव्हता, पण नेहमीसारखी दोन्ही बाजूंनी झटकली. ‘झालं,’ त्या म्हणाल्या आणि दाराकडे बघून विचारलं, ‘पुढचं कोण?’

थोरला उठलाच होता. तो खुर्चीत काय बोलला ते मला माहीत नाही आणि ते मला माहीत असायचं कारणही नाही. काचेतून एवढंच दिसलं की तो फार वेळ बसला होता, आणि एकदा चादरीखालचे त्याचे खांदे हलले. लिफ्टच्या विहिरीत दोरीला लोंबकळून काम करणारा माणूस, मी त्याचे खांदे हललेले कधी बघितले नव्हते. बाहेर आला तो तोंड धुवायला गेला, आणि येताना हातोडी आणि एक लाकडी पट्टी शोधू लागला. धाकटा गेला आणि बहुतेक बसल्या जागी झोपला, कारण सासूबाई बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवून. माझी बायको गेली. लांब्या गेला, त्याचे पाय कठड्याला टेकत होते. खार गेली आणि तेवढा वेळ एका जागी बसली, म्हणजे बघा.

जेवणं उशिरा झाली. संध्याकाळ होत आली, आम्ही निघायच्या तयारीला लागलो. सासूबाई गॅलरीत चादर उचलायला गेल्या होत्या. सून स्वयंपाकघरातून आली, ओले हात पुसले, आणि कोणाकडेही न बघता गॅलरीत गेली. खुर्चीत बसली. केसांतली क्लिप काढून तिने मांडीवर ठेवली. तिचे केस आता कमरेपर्यंत नाहीत, पण खुर्चीच्या पाठीवरून खाली आले, त्या तुटक्या पट्टीच्या फटीवरून. सासूबाई चादर हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी तिच्या गळ्याभोवती ती बांधली, आणि या वेळी दार लोटायला थोरला स्वतः उठला.

आम्ही आत थांबलो. कोणी मोबाईल काढला नाही. दिवे लावायची वेळ झाली, तरी कोणी लावले नाहीत. शेवटी दार उघडलं, सून बाहेर आली, केस मोकळेच, डोळे लाल, आणि सरळ आमच्यासाठी परत चहा टाकायला गेली.

सासूबाईंनी चादर कठड्यावरून झटकली, नेहमीसारखी, जोरात. तिच्यातून काहीच पडलं नाही. खालची बाई कपडे आत घेऊन केव्हाची वाट बघत उभी असावी, कारण तिचा आवाज आला, ‘आजी, आज केस कापले नाहीत का कोणाचे?’

‘झाले की,’ सासूबाई खाली वाकून म्हणाल्या. ‘सगळ्यांचे झाले. या खेपेला सुनेचेसुद्धा.’